को-ऑर्ड सेट सुटे घालायचे, पण 'दुसरा अर्धा धुवायला गेलाय' असं दिसायला नको, तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कपाटात चार को-ऑर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाचे वरचे-खालचे कपडे जोडीने, आहेत, बेज लिननचे शर्ट-पँट, फुलाफुलांचा व्हिस्कोसचा सेट, रिब निटचा, म्हणजे उभ्या रेघांच्या विणीचा, टॉप आणि पँट, आणि नेव्ही ब्लेझर-ट्राउझर. सेट म्हणून घातले की मस्त दिसतात पण सारखं तेच तेच घातल्यासारखं वाटतं, आणि सुटे करून घातले की दुसरा अर्धा धुवायला गेलाय असं दिसतं. वर पाचवा, ऑलिव्ह सॅटिनचा, घेऊ का असंही विचारलंय, त्यावर शेवटी येते. ते धुवायला गेल्याचं वाक्य एकदम नेमकं आहे बरं का, कारण बघणाऱ्याला खरंच तसंच वाटतं. आणि ते का वाटतं हे एकदा कळलं की पुढचं फार अवघड नाही.

लोकांची कपाटं लावून द्यायची आणि कशावर काय घालायचं ते बसवून द्यायचं हे काम मी बरीच वर्षं करतेय, आणि सेट जवळपास प्रत्येक कपाटात एकाच हँगरला असतो, वर शर्ट, खाली पँट. तर पहिलं काम, ते दोन वेगळ्या हँगरवर टाका. हसू नका, खरंच. पँट पँटांमध्ये, शर्ट शर्टांमध्ये. एकत्र टांगलेले असतात तोवर हात आपोआप दोन्ही एकदमच काढतो, आणि "ह्या पँटवर अजून काय जाईल" हा विचार डोक्यात येतच नाही.

आता कारण. सेटमधले दोन्ही कपडे एकाच ताग्यातले, म्हणजे रंग तोच, पोत तोच, चमक तीच, आणि बटणं किंवा पायपिंग (कडेची बारीक गोट) असेल तर तेही तेच. त्यातला एक काढून त्याजागी दुसरं काही घालायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण मूळ जोडीच्या जितकं जवळचं सापडेल तितकं शोधतात. बेज पँटवर दुसरा कुठलातरी बेजसारखाच शर्ट, नेव्ही ब्लेझरखाली दुसरी नेव्ही पँट. घोळ नेमका इथे होतो. जवळपास सारखं हे सगळ्यात वाईट, कारण बघणाऱ्याला वाटतं मॅच करायला गेली आणि जमलं नाही. वेगळं घालायचं तर ठळक वेगळं घालायचं. मी बघते ते असं की रंग, पोत आणि घेर या तीनपैकी निदान दोन गोष्टी बदलल्यात का. बेजवर बेजच घालायचाय? घाला की, पण मग लिननच्या ढगळ पँटवर जाड विणीचा, अंगाला बसणारा स्वेटर घाला, म्हणजे पोत बदलला आणि घेरही बदलला, आता रंग सारखा असणं मुद्दाम केल्यासारखं दिसतं. एकच गोष्ट बदललीत तर सेटचा उरलेला तुकडाच वाटणार.

रंगात अंतर पुरेसं आहे का हे कळत नसेल तर एक सोपी युक्ती आहे, दोन्ही कपडे पलंगावर शेजारी ठेवा, फोनने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. दोन्ही एकाच राखाडीचे दिसले तर गडद-फिकेपणा सारखाच आहे, रंग वेगळे असले तरी लांबून दोन्ही एकमेकांत मिसळून जातील, मग पोतावर भर द्यावा लागेल. एक गडद एक फिका दिसला की बिनधास्त घाला. आणि हे खिडकीपाशी करा, ट्यूबलाइटखाली नाही. दोन वेगळ्या कापडांचे डाय वेगळे असतात, त्यामुळे एका उजेडात अगदी सारखे वाटणारे रंग दुसऱ्या उजेडात वेगळे निघतात. काळा आणि नेव्हीमध्ये तर ही फसगत ठरलेलीच.

लिननपासून सुरू करू कारण चौघांमध्ये सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच आहे. शर्टचं काम सोपं, बटणं उघडी ठेवून पातळ जॅकेटसारखा वापरा, आत पांढरा किंवा काळा टीशर्ट, खाली गडद डेनिम, बाह्या कोपराच्या जरा खालपर्यंत दुमडलेल्या. दुमडताना चापूनचोपून इस्त्रीची घडी घालू नका, दोन रुंद घड्या पुरे. पँटला मात्र जरा लक्ष द्यावं लागतं. बहुतेक को-ऑर्ड पँटना कमरेला इलॅस्टिक आणि नाडी असते, आणि ती बाहेर लोंबणारी नाडी बघितली की माणसाला घरातला पायजमा आठवतो. नाडी आत टाका. इलॅस्टिकच्या पँटमध्ये टॉप पूर्ण इन करू नका, कमरेच्या चुण्या सगळ्या दिसतात आणि वर टॉपही फुगतो. त्यापेक्षा जिथे कंबर संपते तिथेच संपणारा आखूड टॉप घाला, नाहीतर पुढचा थोडासा भाग आत आणि मागचा मोकळा. चुरगळण्याचं म्हणाल तर लिनन चुरगळणारच, त्याचं टेन्शन नको, फक्त दुसरा कपडा नीटनेटका गुळगुळीत असू दे, नेव्ही निट टॉप किंवा इस्त्री केलेला पॉपलिनचा पांढरा शर्ट. दोन्ही चुरगळलेले असले की झोपेतून उठून आल्यासारखं वाटतं, एक चुरगळलेला एक ताठ असला की लिनन लिननसारखं दिसतं. ह्या पँटवर काळा रिब टॉप पण छान जातो, त्यामुळे तुमचा रिबचा सेट काळा असेल तर दोन सेट इथेच एकमेकांत मिसळले, वेगळी खरेदी करायची गरजच नाही.

आणि हो, त्या लिनन शर्टबरोबर त्याच कापडाचा पट्टा आलाय का? बऱ्याच सेटमध्ये येतो. तो काढून ठेवा, फेकू नका, सेट म्हणून घालाल तेव्हा लागेल. पण सुटा घालताना त्याच कापडाचा पट्टा हा सगळ्यात मोठा चुगलखोर. आणि पट्टा काढल्यावर दोन्ही बाजूच्या शिवणीला दोऱ्याची लुपं राहतात बघा, बारीक, त्यातून काही घातलेलं नसलं की ती बाहेर डोकावत राहतात. पट्टा परत लावायचाच नसेल तर छोट्या कात्रीने लुप अगदी शिवणीलगत कापा, ओढू नका, ओढलं की शिवण उसवते.

आता फुलाफुलांचा. इथे सगळेजण एकच गोष्ट करतात, प्रिंटमधला जो रंग सगळ्यात जास्त आहे तो उचलतात. चूक नाही, पण मग ते परत मॅचिंगच झालं. प्रिंटमध्ये जो रंग कमी आहे, कुठेतरी पानाच्या कडेला किंवा फुलाच्या मध्यात ठिपक्याएवढा आहे, तो उचला. घरात खिडकीपाशी घेऊन बसा आणि नीट बघा, लांबून जे प्रिंट निळं-पांढरं वाटतं त्यात जवळून मोहरी रंग निघतो, विटकरी निघतो, फिका हिरवा निघतो. त्या रंगाचा प्लेन टॉप घातला की ती पँट एकदम नवीन दिसते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती कोणी बघत नाही, प्रिंटची जमीन, म्हणजे फुलांमागचा रंग. ती शुभ्र पांढरी आहे का ऑफव्हाइट? ऑफव्हाइट जमिनीच्या प्रिंटवर शुभ्र पांढरा टीशर्ट घातला की प्रिंट मळल्यासारखं दिसतं. बिचारं प्रिंट स्वच्छ असतं, शेजारी चुकीचा पांढरा आलेला असतो. अशावेळी क्रीम घ्या नाहीतर पांढऱ्याच्या वाटेलाच जाऊ नका.

प्रिंटची पँट सुटी घालणं प्रिंटच्या टॉपपेक्षा सोपं, असं माझं मत. पँट चेहऱ्यापासून लांब असते आणि वर प्लेन काहीही चालून जातं. टॉप घालायचा तर आत-खाली सगळं एकाच गडद रंगाचं ठेवा, म्हणजे काळा टीशर्ट काळी पँट, आणि वरून प्रिंटचा शर्ट उघडा. प्रिंटवर प्रिंट घालायची हौस असेल तर दोन्हींचा आकार वेगळा हवा, मोठी फुलं असतील तर त्याबरोबर बारीक रेघा, आणि दोन्हीत एक तरी रंग समान. मोठ्या फुलांवर मध्यम चौकडी घातलीत तर दोघांची मारामारी होते.

कापडाबद्दल एक. व्हिस्कोसचा फॉल, म्हणजे अंगावरून पडण्याची ढब, सुंदर, पण तो लोळतो, त्याला शेजारी काहीतरी ताठ लागतं. व्हिस्कोसच्या पँटवर व्हिस्कोसचाच प्लेन टॉप घातला की रंग कितीही वेगळे असोत, नाइटसूट. डेनिमचं जॅकेट, कॉटनचा कडक शर्ट, जाडसर टीशर्ट, असं काहीतरी द्या त्याला. आणि धुताना जपा, व्हिस्कोस ओलं असताना बरंच कमजोर होतं, पिळू नका, शिवाय आटतं पण, त्यामुळे अगदी जमिनीला टेकेल इतकी लांबी सुरुवातीलाच बरोबर वाटत असेल तर दोन धुण्यांनंतर ती आखूड वाटू शकते.

रिब निटबद्दल स्पष्टच सांगते. टॉप सोनं आहे, पँट डोकेदुखी आहे. रिबच्या उभ्या रेघांमुळे टॉप अंगालगत नीट बसतो, कशातही इन होतो आणि फुगत नाही, लिनन पँट, प्रिंटची पँट, नेव्ही ट्राउझर, तिन्हींवर जाईल. पँट मात्र गुडघ्यात ढिली पडते, मांड्यांमध्ये गोळे धरते, आणि सुटी घातली की घरात घालायची वाटते. तिला वाचवायचं तर वर काहीतरी लांब आणि आकार असलेलं हवं, मांडीच्या मध्यापर्यंत येणारा कोट किंवा लांब कडक शर्ट. नाहीतर खरंच घरात घाला, प्रवासात घाला, प्रत्येक कपड्याने बाहेर मिरवलंच पाहिजे असं थोडंच आहे. गंमत म्हणजे निटचा सेट सुटा घालायची सवय लोकांना फार जुनी आहे. १९३० च्या दशकात ट्विनसेट लोकप्रिय झाला, एकाच लोकरीचा आत स्वेटर आणि वर कार्डिगन, आणि त्यातलं कार्डिगन लोक कशावरही घालायला लागले. पण ते दोन्ही वरचे कपडे होते, त्यात पँट नव्हती, म्हणून जमलं.

ब्लेझर-ट्राउझर. इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. लोकांना वाटतं नेव्ही ब्लेझर म्हणजे काय, कशावरही जाणार. जातो, पण सूटचा कोट आणि सुटा विकला जाणारा ब्लेझर यात फरक असतो. सूटचं कापड बहुधा बारीक, गुळगुळीत, किंचित चमक असलेलं, बटणं कापडाच्याच रंगाची, खांदा कडक. सुट्या ब्लेझरला पोत असतो, विण डोळ्याला दिसते, बटणं वेगळ्या रंगाची असतात, खिसे बऱ्याचदा वरून शिवलेले. तुमचा कोट हातात घ्या, उजेडात तिरका धरा, चमकला तर तो सूटचा आहे आणि तो जीन्सवर घातला की ऑफिसमधून पँट बदलून आल्यासारखं दिसणार. उपाय आहे, बटणं बदला. अगदी एवढंच. गडद तपकिरी शिंगासारखी किंवा मॅट धातूची बटणं लावून घ्या, टेलर पटकन करून देतो, काजांच्या मापाचीच घ्या आणि बाह्यांवरची छोटी विसरू नका. जुनी बटणं एका पुडीत जपून ठेवा. बटणांचा रंग तुटला की डोळा तो कोट वेगळा कपडा म्हणून बघायला लागतो. बारीक रेघांचा कोट असता तर मात्र मी सांगितलं असतं की राहू दे, रेघांचा कोट सुटा घातला की तो कायम आपल्या पँटची वाट बघत असल्यासारखा दिसतो, उलट रेघांची पँट टीशर्टवर आरामात जाते.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण म्हणजे शनेलचं ट्वीडचं, म्हणजे जाडसर लोकरी कापडाचं, जॅकेट. फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलने १९५४ मध्ये पुन्हा काम सुरू केलं त्यानंतर तिचे ट्वीडचे स्कर्ट-जॅकेट सूट गाजले, म्हणजे तोही मुळात सेटच. पण आज तसं जॅकेट जीन्सवर घातलेलं सर्रास दिसतं आणि अर्धवट अजिबात वाटत नाही. कारण ट्वीडमध्ये अनेक रंगांचे धागे असतात, प्रत्येक धागा एक नवी जोडी सुचवतो, शिवाय विण जाड, कडेला वेणीसारखी पट्टी, त्यामुळे जॅकेट एकटं उभं राहतं. गुळगुळीत नेव्हीकडे यातलं काहीच नसतं, म्हणून त्याला बाहेरून मदत लागते.

तुमच्या नेव्ही ब्लेझरखाली जीन्स घालायची तर फिकी किंवा मध्यम निळी घाला, कोरी गडद इंडिगो नको, कारण ती नेव्हीच्या इतकी जवळ जाते की परत तोच जवळपास-सारखं वाला घोळ. क्रीम पँट, राखाडी पँट, आणि हो, तुमची बेज लिनन पँट, तिन्ही चालतील. आत शर्टऐवजी टीशर्ट किंवा तो रिब टॉप घातलात की कोटाचा कडकपणा जरा उतरतो. बाह्या वर सरकवल्या तर अजून. ट्राउझरची तर काळजीच नको, साधी नेव्ही ट्राउझर ही कपाटातली सगळ्यात गरीब गाय, कुठल्याही टॉपखाली निमूट जाते. पण एक लक्षात घ्या, सूटमध्ये पँट कोटाच्या आधी झिजते, बसून बसून मागे तकाकी येते, म्हणून तर पूर्वी एका कोटाबरोबर दोन पँट शिवून घ्यायची पद्धत होती. सुटी ट्राउझर रोज वापरलीत तर वर्षभराने ती कोटाच्या शेजारी जुनी दिसणार. सूट म्हणून लागणारच असेल तर रोजच्यासाठी दुसरी पँट वापरा.

लांबी-रुंदीचं थोडक्यात. सेट शिवणाऱ्याने टॉपची लांबी त्या पँटच्या घेराला धरून ठरवलेली असते. ढगळ पँटवरचा ढगळ शर्ट सेटमध्ये चालतो कारण रंग एकच असतो आणि डोळा वरून खाली सरळ जातो. तोच शर्ट वेगळ्या रंगाच्या पँटवर घातला की शर्टच्या कडेला आडवी रेघ पडते, आणि ती नितंबाच्या सगळ्यात रुंद भागावर पडली की माणूस ठोकळ्यासारखं दिसतं. एकतर इन करा नाहीतर उघडा ठेवा. ढोबळ हिशोब, वरचा भाग एक तृतीयांश आणि खालचा दोन तृतीयांश दिसला की बरं वाटतं, अर्धा-अर्धा टाळा. चपला-बुटांवर मी फार वेळ घालवत नाही, सेटबरोबर जे घालता त्यापेक्षा वेगळे घाला एवढंच.

धुण्याबद्दल मात्र ऐकाच. सुटे घालायला लागलात की एक कपडा जास्त धुतला जाणार आणि तो जास्त विटणार. सहा महिन्यांनी सेट म्हणून घालायला जाल तर शर्ट एका छटेचा, पँट दुसऱ्या. लिननला आणि कॉटनला हे होतंच, काळ्याला तर फारच. म्हणून एकच घातला असला तरी दोन्ही एकत्रच धुवा, ब्लेझर ड्रायक्लीनला दिलात तर ट्राउझरही द्या. वाळत घालताना उलटे करून सावलीत. एखादा सेट परत कधीच जोडीने घालणार नाही असं ठरवलं असेल तर हे सगळं विसरा, मग विटला तरी काय, तो आता साधा शर्ट आहे.

आता तो पाचवा सेट. नवा घेताना मी दोनच गोष्टी बघते. एक, टॉप एकटा हँगरवर दिसला असता तर घेतला असता का, आणि पँट एकटी दिसली असती तर? दोन्हींना हो हवं. एकालाच हो असेल तर तेवढा एकच शोधा. दुसरं, पँटला नीट कंबरपट्टी, झिप आणि पट्ट्याची लुपं आहेत का, का नुसतं इलॅस्टिक. वरचं-खालचं माप वेगवेगळं घेता येत असेल तर उत्तमच, खूप जणींचं वरचं आणि खालचं माप एक नसतं आणि सेट एकाच मापात घेतला की त्यातला एक कपडा कायम जरा चुकलेलाच राहतो. अमेरिकन डिझायनर डोना कॅरनने १९८५ मध्ये सात कपड्यांचा संग्रह काढला होता, एकमेकांत फिरवून कसेही घाला अशी कल्पना, आणि तिथे प्रत्येक कपडा मुळात एकटा उभा राहील असाच निवडलेला होता. तसंच बघा.

ऑलिव्ह रंगाला माझं हो आहे. बेजवर जातो, नेव्हीवर जातो, डेनिमवर जातो, मळखाऊ आहे, म्हणजे तुमच्याकडे असलेल्या निम्म्या कपाटाशी त्याची सोयरीक आधीच जुळलेली आहे. सॅटिनला नाही. सॅटिनचा टॉप एकवेळ लिनन पँटवर किंवा जीन्सवर सुंदर दिसेल, पण सॅटिनची सैल पँट सुटी घातली की झोपायची वाटते, पाण्याचा थेंब पडला की डाग राहू शकतो, आणि बसून उठलं की मांडीवरच्या आडव्या घड्या चमकत राहतात. तोच रंग मॅट क्रेप किंवा ट्विल अशा न चमकणाऱ्या कापडात मिळतोय का बघा. नसेलच मिळत तर सॅटिनचा नुसता टॉप सुटा घ्या.